शेतावर राहणाऱ्या मजुराच्या घराला स्वतंत्र परवानगी हवी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

शेतजमिनीवरील बांधकामांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते: शहरालगतचे बेकायदा प्लॉटिंग आणि धनिकांची फार्महाउसे. शेतावर बारमाही मुक्काम करून राबणारा सालगडी, गोठ्यावरचा गडी, द्राक्षबागेत किंवा पॉलिहाउसवर राहणारे मजुराचे कुटुंब कोठे राहते आणि त्यांच्या घराला परवानगी कोणत्या नियमाखाली मिळते, हा प्रश्न त्या चर्चेत येतच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी २६ लाख लोकांची नोंद शेतकरी म्हणून, तर सुमारे १ कोटी ३५ लाख लोकांची नोंद शेतमजूर म्हणून झाली होती. मजुरांची संख्या मालकांपेक्षा अधिक असलेल्या या राज्यात शेतावर मुक्कामी असणाऱ्या मजुराच्या निवाऱ्याचा नियम मात्र मालकाच्या शेतघराच्या नियमात एका शब्दापुरता उरला आहे. त्याविषयी आपल्या पत्रातून शासनाचे आणि लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधावे, म्हणून हे लिहीत आहे.

कायद्याला हा मजूर अनोळखी नाही, हे आधी नमूद करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २ (९) मध्ये शेतावरील इमारतीची व्याख्या आहे. अवजारे, खत, वैरण आणि शेतमाल साठवणे, गुरे बांधणे यांबरोबरच धारकाच्या कुटुंबातील माणसे, त्याचे नोकर किंवा त्याची कुळे यांना राहण्यासाठी उभारलेली इमारतही त्या व्याख्येत येते. कलम ४१ (१) ने अशी इमारत बांधण्याचा हक्क शेतजमीन धारण करणाऱ्याला दिलेला आहे, आणि त्यासाठी जमीन बिनशेती करून घ्यावी लागत नाही. म्हणजे सालगड्याची खोली हा शेतीच्याच वापराचा भाग आहे, हे संहितेने साठ वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. अडचण पुढच्या पोटकलमांत आहे.

शहरांभोवतीच्या शेतजमिनीवर शेतघराच्या नावाखाली बंगले उभे राहू लागल्यावर १९८६ मध्ये कलम ४१ मध्ये सुधारणा झाली. महानगरपालिका आणि नगरपालिका यांच्या हद्दीत, मोठ्या शहरांच्या हद्दीपासून ठरावीक अंतरात, तसेच प्रादेशिक योजनेने व्यापलेल्या क्षेत्रात अशा इमारतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. जमीन ०.४ हेक्टरपेक्षा कमी असेल तर परवानगीच नाही, ०.६ हेक्टरपर्यंत सर्व इमारतींचे मिळून जोते क्षेत्र (इमारत जमिनीवर व्यापते ती जागा) १५० चौरस मीटर, त्यापुढे जमिनीचा चाळिसावा हिस्सा किंवा ४०० चौरस मीटर यांपैकी जे कमी असेल ते, अशी मर्यादा घालण्यात आली. त्याखाली आणखी एक परंतुक, म्हणजे जोड-अट, आहे आणि माझ्या मते सगळे दुखणे त्यातच आहे: राहण्यासाठी वापरायच्या इमारतींचे जोते क्षेत्र, जमीन कितीही मोठी असली तरी, १५० चौरस मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. ही मर्यादा धारकाचे कुटुंब, त्याचे नोकर आणि त्याची कुळे या सर्वांना मिळून एकच आहे.

याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो की मालकाने आपल्या कुटुंबासाठी शेतावर दीडशे चौरस मीटरचे घर बांधले की मजुराच्या वाट्याला कागदावर एक चौरस फूटही उरत नाही. त्याने सव्वाशे मीटरचे बांधले तर उरलेल्या पंचवीस मीटरात दोन किंवा तीन मजूर कुटुंबांची सोय करावी, अशी अपेक्षा निर्माण होते. वीस एकर बागायत असलेल्या वस्तीवर दोन-तीन कुटुंबे वर्षभर राहतात, ही गोष्ट ग्रामीण महाराष्ट्रात कोणालाही माहीत आहे. मग मालक काय करतो? तो गोठ्याच्या परवानगीत गोठा दाखवतो, अवजारांच्या शेडमध्ये आडोसा करून चूल मांडून देतो, आणि मजुराचे कुटुंब युरियाची पोती, फवारणीची औषधे आणि जनावरे यांच्या शेजारी झोपते. जे घर कायद्याने मोकळेपणाने बांधता आले असते ते शेड म्हणून बांधले जाते, त्यामुळे त्याला खिडकी नसते, मोरी नसते, शौचालय नसते. अशा निवाऱ्यांना कोणी बेकायदा म्हणून पाडायला येत नाही, हे खरे आहे. पण कोणी घर म्हणून त्यांची नोंदही करत नाही.

या नियमाची दुसरी त्रुटी मला अधिक गंभीर वाटते. परवानगीचे माप केवळ जमिनीचे क्षेत्र हे आहे, कामाची गरज हे नाही. २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही शेतघराचा हिशेब क्षेत्रफळ आणि चटई निर्देशांक (जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते त्याचे माप) यांवरच मांडलेला आहे. परंतु माणूस रात्री शेतावर असण्याची गरज एकरांवरून ठरत नाही. पंधरा एकर कोरडवाहू सोयाबीन किंवा तूर असेल तर पेरणी, फवारणी आणि काढणी एवढ्यापुरती माणसे दिवसा येऊन जातात. तेथे मुक्कामी कुटुंबाची निकड नसते. याउलट वीस गुंठ्यांचे पॉलिहाउस, दहा-बारा गाईंचा गोठा किंवा काही हजार पक्ष्यांची कोंबड्यांची शेड यांना जमीन थोडी लागते, पण माणूस चोवीस तास लागतो. एक दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब सतत द्यावी लागते. रात्री वीज गेली आणि शेगडी पेटवायला कोणी नसेल तर सकाळपर्यंत मोठे नुकसान झालेले असते. गाय रात्री-अपरात्री केव्हाही विऊ शकते आणि वासरू आडवे आले तर अर्ध्या तासाचा उशीरही दोन्ही जीवांवर बेततो. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत थंडीचा कडाका वाढला की पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या बुरशीरोगाचे औषध काही तासांच्या आत मारावे लागते. शेतीपंपाची वीज तर पाळीपाळीने रात्रीचीही मिळत आलेली आहे. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली हे स्वागतार्हच आहे, पण ती प्रत्येक बांधापर्यंत पोहोचेपर्यंत रात्रीचे दारे धरणारा माणूस हवाच आहे. आज पॉलिहाउसचा किंवा गोठ्याचा धारक चाळीस आरांच्या (०.४ हेक्टरच्या) आत असल्यामुळे अर्ज करण्यासही पात्र ठरत नाही, आणि सोयाबीनचा मोठा धारक गरज नसताना दीडशे मीटरला पात्र ठरतो.

निवारा नसल्याची किंमत मजुराचे कुटुंब देते. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याच्या दंशाच्या वेदना इतक्या कमी असतात की अनेकदा पहाटे श्वास जड होईपर्यंत कोणाला कळतच नाही. पक्के जोते, दाराला फळी आणि झोपायला खाट एवढ्या साध्या गोष्टींनी यातले पुष्कळ मृत्यू टळू शकतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत उसाच्या फडालगत बिबट्यांचा वावर नित्याचा झाला आहे आणि उघड्यावर किंवा अर्धवट आडोशात झोपणारी लहान मुले त्यात सर्वाधिक धोक्यात असतात. मराठवाड्यात आणि विदर्भात वीज अंगावर पडून शेतमजूर दगावल्याच्या बातम्या आपल्याच पत्रात दरवर्षी मे-जूनमध्ये येतात. झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये आसरा घ्यावा लागणे हे त्यामागचे एक कारण आहे.

शासनाच्या घरकुल योजनांनी हा प्रश्न का सुटत नाही, असे कोणी विचारील. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून चालू आहे, तिच्यात किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळते, आणि ज्यांना जागा नाही त्यांना जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने राज्याची योजनाही आहे. या योजना चांगल्या आहेत. पण त्या मजुराला त्याच्या गावी, त्याच्या नावाच्या जागेवर घर देतात. पेठ-सुरगाण्याचा मजूर निफाडच्या बागेत, किंवा सातपुड्यातला मजूर जळगावच्या केळीत वर्षातले आठ-दहा महिने कुटुंबासह राहतो, तेव्हा गावचे घरकुल कुलूपबंद असते आणि तो शेडमध्ये असतो. दुसऱ्याच्या शेतजमिनीवर घरकुल मिळत नाही, आणि मिळावे अशी मागणीही मी करत नाही. मजुराला कामाच्या ठिकाणी घर देण्याची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्याची आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांपुरती ती आपल्या देशाने १९५१ च्या मळा कामगार कायद्यात स्पष्टपणे मालकावर टाकली होती. आमच्यासारख्या बागायतदारांवर तशी सक्ती नाही. निदान स्वखुशीने घर बांधू इच्छिणाऱ्याची वाट तरी मोकळी असावी, एवढेच म्हणणे आहे.

या संदर्भात इंग्लंडमधील पद्धतीचा उल्लेख करणे योग्य होईल. तेथे गावाबाहेर, मोकळ्या शेतीभागात घर बांधण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि ती आपल्यापेक्षा कडक आहे. तरीही राष्ट्रीय नियोजन धोरणात एक अपवाद राखून ठेवला आहे: ग्रामीण कामगाराने कामाच्या ठिकाणी किंवा त्याच्या जवळ कायमचे राहणे अत्यावश्यक असेल तर घराला परवानगी मिळू शकते. ही गरज अर्जदाराला सिद्ध करावी लागते. किती जनावरे आहेत, ती केव्हा वितात, रात्री कोणती निकड उद्भवते, जवळपास दुसरे घर उपलब्ध आहे काय, आणि शेती पुढे टिकेल इतकी किफायतशीर आहे काय, हे तपासले जाते. शेतीउद्योग नवा असेल तर आधी साधारण तीन वर्षांसाठी हलवता येण्याजोग्या तात्पुरत्या घराला मुभा देतात आणि गरज खरी ठरली तर मग पक्क्या घराचा विचार होतो. परवानगी देताना अट घातली जाते की त्या घरात शेती किंवा वनीकरणात काम करणारी, किंवा शेवटचे काम त्यातच केलेली व्यक्ती आणि तिचे कुटुंब यांनीच राहावे. कामगाराच्या मागे राहिलेली त्याची पत्नी किंवा पतीही त्या अटीत सामावून घेतले जातात. म्हणून ते घर शहरी माणसाला सुटीचा बंगला म्हणून सहजी विकता येत नाही. तेथेही वाद होतात आणि अर्ज फेटाळले जातात. पण तपासणी योग्य प्रश्नाची होते: येथे माणसाने राहण्याची गरज आहे काय?

आपल्याकडे असा तपास अवघड नाही, कारण त्यासाठी लागणारी माहिती शासनाच्या दप्तरी आधीच आहे. ई-पीक पाहणीतून प्रत्येक गटातील पीक हंगामवार नोंदले जाते. जनावरांच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक पशुसंवर्धन विभागाकडे असतो. पॉलिहाउस, शेततळे आणि ठिबक यांच्या अनुदानाच्या नोंदी कृषी विभागाकडे असतात. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांनी एकत्र स्थळपाहणी करून, अमुक गटात मुक्कामी मजुराची गरज आहे किंवा नाही, असा एकपानी अहवाल दिला तर निर्णयाला पुरेसा आधार मिळेल. त्यावर मजूर कुटुंबामागे तीस-चाळीस चौरस मीटरचे जोते क्षेत्र, मालकाच्या दीडशे मीटरच्या बाहेर, स्वतंत्रपणे मंजूर करण्याची तरतूद कलम ४१ मध्ये व्हावी, आणि जेथे गरज सिद्ध होते तेथे ०.४ हेक्टरची किमान अट शिथिल व्हावी. एवढ्या लहान घरासाठी वास्तुविशारदाचा नकाशा मागण्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने दोन-तीन नमुना नकाशे तयार करून द्यावेत. आज मजुरांच्या खोल्यांचा अर्ज घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला, तुमचे गावात घर असताना शेतावर घर कशाला, असा प्रश्न विचारला जातो. मला स्वतःला तो विचारला गेला आहे आणि अर्जात मजुराचा स्पष्ट उल्लेख असूनही फाइल त्याच शेऱ्यावर थांबली. मालकाचे घर कोठे आहे यावरून मजुराच्या घराची गरज ठरवणे संहितेच्या व्याख्येतही बसत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ही सेवा अधिसूचित करून तिला कालमर्यादा घातली, तर असे शेरे कमी होतील.

अशा सवलतीचा गैरवापर होईल, ही शंका रास्त आहे. मुळशी-मावळपासून इगतपुरीपर्यंत शेतघरांच्या नावावर काय झाले ते आपण पाहिले आहे. म्हणूनच परवानगीबरोबर, हे घर शेतमजुराच्या निवासासाठीच आहे आणि जमिनीपासून अलग करून विकता येणार नाही, अशी नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, आणि पीक पाहणीच्या वेळी घरात कोण राहते तेही नोंदले जावे. चाळीस मीटरचे एकमजली, मजुरासाठीच राखलेले घर विकत घेण्यात कोणत्याही गुंतवणूकदाराला रस असणार नाही.

शेतकऱ्यांच्या मनात दुसरी एक भीती आहे आणि ती आमच्या बैठकांत नेहमी बोलली जाते: मजुराला पक्के घर दिले, त्याच्या नावाने वीज मीटर आणि शिधापत्रिका झाली, तर उद्या तो जागेवर हक्क सांगेल. पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या १९४८ च्या कूळकायद्यात, जमीनमालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या राहत्या घरातून त्याला बाहेर काढण्यास प्रतिबंध आहे, आणि ते संरक्षण शेतमजुरांच्या घरांनाही लावलेले आहे. गावकुसाबाहेर पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या जागेवर झोपडी बांधून राहिलेल्यांसाठी ती तरतूद झाली आणि ती योग्यच होती. मालकाने स्वतः बांधून नोकरीपुरती राहायला दिलेल्या खोलीची गोष्ट वेगळी आहे, पण ती वेगळी आहे असे कायद्याने स्वच्छ शब्दांत सांगितलेले नसल्यामुळे पुष्कळ जण मजुराला मुद्दामच कच्च्या आडोशात ठेवतात आणि त्याचा पत्ता कोणत्याही कागदावर येऊ देत नाहीत. त्यामुळे मुलांच्या शाळेच्या दाखल्यापासून दवाखान्यातल्या केसपेपरपर्यंत सगळे अडते. शेतीपंपाच्या जोडणीवरूनच खोलीत बल्ब लावला जातो. तो २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, आणि घरगुती मीटर मागितला तर घराचा कागद मागतात. म्हणून परवानगीसोबत शासनाने निवासाच्या लेखी कराराचा एक नमुना द्यावा, ज्यात घर मालकाचे, राहण्याचा हक्क कामाच्या काळापुरता, आणि त्या काळात वीज, पाणी, शौचालय व पत्त्याचा पुरावा मजुराच्या नावाने, हे स्पष्ट असेल.

त्या करारात मजुराच्या बाजूनेही एक कलम असलेच पाहिजे, हे मी शेतकरी असूनही आग्रहाने म्हणतो. नोकरीशी बांधलेले घर उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या सालगड्याच्या गळ्यातला फास होऊ शकते. काम सोडले तर त्याच रात्री बिऱ्हाड रस्त्यावर, ही धमकी कोणालाही मुकाट राबायला लावते. वेठबिगार पद्धत आपण १९७६ मध्ये कायद्याने रद्द केली, आणि योगायोगाने त्याच वर्षी इंग्लंडनेही मालकाच्या घरात राहणाऱ्या शेतमजुरांना घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा केला. आपल्याकडे सालाचा हिशेब मराठवाड्यात गुढीपाडव्याला आणि खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होतो. काम मधेच सुटले तरी साल संपेपर्यंत, किंवा निदान तीन महिने, आणि शाळेत जाणारी मुले असतील तर परीक्षा होईपर्यंत कुटुंबाला घरात राहता यावे, आणि उचलीच्या बाकीचा घराशी कोणताही संबंध जोडता येऊ नये.

कलम ४१ (३) च्या परंतुकात दुरुस्ती करणे हे विधिमंडळाचे काम आहे आणि त्याला वेळ लागेल, याची मला कल्पना आहे. तोपर्यंत एक गोष्ट महसूल विभागाला परिपत्रकानेही करता येईल: ज्या धारकाने दीडशे मीटरची मर्यादा अजून पूर्ण वापरलेली नाही, त्याचा मजूर-निवासाचा अर्ज मालकाच्या शेतघराच्या अर्जापासून वेगळा नोंदवावा, त्याची वेगळी यादी ठेवावी आणि मालकाचे घर गावात असल्याच्या कारणावरून तो नाकारू नये. अशा अर्जांची तालुकावार संख्या एका वर्षाने प्रसिद्ध झाली, तर कायद्यातील दुरुस्तीसाठी लागणारी आकडेवारीही आपोआप हाती येईल. महसूल आणि ग्रामविकास या दोन्ही विभागांच्या मंत्र्यांनी यावर आपले म्हणणे जाहीर करावे आणि ग्रामीण भागातील आमदारांनी, ते कोणत्याही बाकांवरचे असोत, येत्या अधिवेशनात हा प्रश्न उपस्थित करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक बागायतदार वाचक
नाशिक जिल्हा